जपानी ‘आओ’ची कांजी शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगांचा धडा सुरू झाला की आमच्या वर्गात लाल, पांढरा, काळा पटापट उरकतात आणि ‘आओ’वर गाडी अडते. दर बॅचला अडते. विद्यार्थी मला वर्गात, वर्ग सुटल्यावर आणि रात्री अकरा वाजता मेसेजवर जे विचारतात, ते एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. हिरागाना-काताकाना (जपानीतल्या उच्चारांच्या दोन लिप्या) येतात आणि आता कांजीशी, म्हणजे चीनमधून आलेल्या अर्थवाही चिन्हांशी, पहिली गाठ पडली आहे, अशांसाठी हे पान आहे.

छापील चिन्ह कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. इथे मी ते मुद्दाम शब्दांनी सांगितलं आहे. चौकटीची वही आणि पेन्सिल घेऊन बसलात तर वाचता वाचता ते तुमच्याच हातानं कागदावर उतरेल. जपानी उच्चारात स्वर लांबतो तिथे अवग्रह (ऽ) घातला आहे.

‘आओ’ म्हणजे निळा की हिरवा? एक काय ते सांगा.

एक सांगता येत नाही, आणि सांगितलं तर तुमचं नुकसान होईल. डबीतल्या खडूंपुरतं बोलायचं तर आओ म्हणजे निळा. आजच्या जपानी मुलाला निळा खडू मागितलात तर तो आओ देईल आणि हिरवा मागायला तुम्हाला ‘मिदोरी’ म्हणावं लागेल. पण भाषा खडूच्या डबीपेक्षा जुनी आहे. आकाश आओ, समुद्र आओ. आणि तसंच कोवळी पानं आओ, न पिकलेली फळं आओ, पालेभाजी आओ, बांबू आओ. ‘आओबा’ म्हणजे हिरवी पालवी, ‘आओना’ म्हणजे हिरवी पालेभाजी, ‘आओरिंगो’ म्हणजे हिरवं सफरचंद, ‘आओमुशी’ म्हणजे कोबीवर सापडते ती हिरवी अळी.

फार पूर्वी जपानीत रंगांची मुख्य नावं चारच होती : आका, आओ, शिरो, कुरो. म्हणजे लाल, आओ, पांढरा, काळा. याची खूण आजही व्याकरणात दिसते. नुसता ‘इ’ जोडून विशेषण होतं ते याच चौघांचं : आकाइ, आओइ, शिरोइ, कुरोइ. पिवळ्याला आणि तपकिरीला मध्ये ‘इरो’ म्हणजे ‘रंग’ हा शब्द घ्यावा लागतो : कीइरोइ, चाइरोइ. मिदोरीला तर तेही जमत नाही, तिथे ‘मिदोरी नो’ असं नामासारखं वापरावं लागतं. चारच नावांत सगळी सृष्टी बसवायची म्हटल्यावर गवत आणि आभाळ एकाच खणात गेले.

आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. ‘श्याम’ या शब्दात काळा, गडद निळा आणि दाट हिरवा हे तिन्ही आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहेत. आणि मोरपंखी साडी निळी की हिरवी, यावर दोन मावश्यांचं एकमत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

शिकत असताना भाषांतराच्या एका सरावात मी ‘आओबा’ला ‘निळी पानं’ असं लिहिलं होतं. सेन्सेईंनी (आमच्या शिक्षकांनी) शब्दाभोवती गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं : खिडकीबाहेर बघा. जुलै महिना होता, बाहेर पावसात धुतलेलं कडुनिंबाचं झाड उभं होतं. त्या दिवसापासून मी कांजीसमोर एकच मराठी शब्द लिहिणं सोडलं. तुम्हीही सोडा. ‘आओ = निळा’ अशी वही करू नका. आओच्या पानावर आभाळ, पालवी, सिग्नल आणि कच्चं फळ हे चारही लिहा.

मग ‘मिदोरी’ कधी वापरायचा?

सोपी वाट अशी : शब्द जुना आणि जोडशब्दात घट्ट बसलेला असेल तर आओ, वस्तूचा रंग नुसता वर्णन करायचा असेल तर मिदोरी. हिरवा शर्ट, हिरवी छत्री, हिरवा दरवाजा – मिदोरी. जपानच्या रेल्वे स्थानकांवर आरक्षणाची खिडकी असते तिचं नाव ‘मिदोरी नो मादोगुची’, म्हणजे हिरवी खिडकी. ४ मे रोजी ‘मिदोरी नो हि’ ही सार्वजनिक सुट्टी असते, निसर्गाची आठवण म्हणून. ग्रीन टी हा ‘र्योकुचा’, त्यातही मिदोरीचीच कांजी आहे.

जाता जाता, मिदोरीही पूर्वी निव्वळ रंग नव्हता. कोवळेपणा, तजेला असा त्याचा अर्थ होता. म्हणून तान्ह्या बाळाला ‘मिदोरिगो’ म्हणत आणि बाईच्या चमकदार काळ्याभोर केसांना अजूनही ‘मिदोरी नो कुरोकामी’ म्हणतात. शब्दशः ‘हिरवे काळे केस’! यात केस रंगवलेले नाहीत.

सिग्नल चांगला हिरवा दिसतो, तरी जपानी माणूस त्याला आओ का म्हणतो?

वर सांगितलं त्याच सवयीमुळे. जपानमध्ये विजेवर चालणारा पहिला सिग्नल १९३० साली टोकियोत हिबिया चौकात लागला. तो अमेरिकेतून आणलेला होता आणि त्यात हिरवाच दिवा होता. लोकांनी मात्र त्याला आओ म्हणायला सुरुवात केली, कारण लाल, पिवळा आणि आओ ही जोडणी जिभेवर बसलेली होती. पुढे कायद्याच्या भाषेतही ‘आओइरो’ हाच शब्द आला आणि आजच्या वाहतूक नियमांत तोच आहे. दिव्याचा हिरवाही निळ्याकडे झुकणारा असतो, नीट पाहिलंत तर कळेल.

‘आओशिन्गोऽ’ (हिरवा सिग्नल) हा शब्द पाठ करून ठेवा. जपानमध्ये रस्ता ओलांडताना सोबतचा माणूस ‘आओ!’ म्हणाला तर निळा दिवा शोधत उभे राहू नका.

चिन्ह काढायचं कसं? किती रेघा?

आठ रेघा. चौकटीचे मनात वरचा आणि खालचा असे दोन भाग करा. प्रत्येकात चार रेघा.

वरचा भाग : पहिली रेघ आडवी, डावीकडून उजवीकडे, मध्यम लांबीची. दुसरी उभी, पहिल्या रेघेच्या थोडी वरून सुरू होते, तिच्या मधोमध आरपार जाते आणि खाली येते. तिसरी पुन्हा आडवी, पहिलीच्या खाली, उभ्या रेघेला छेदणारी. चौथी आडवी, आणि ही सगळ्यांत लांब. उभी रेघ हिच्यावर येऊन थांबते, हिच्या खाली जात नाही. आता दिसेल ते असं : एक खांब, त्याला तीन आडव्या दांड्या, शेवटची दांडी जमिनीसारखी रुंद.

खालचा भाग : पाचवी रेघ उभी, डावीकडे, सरळ. सहावी तिच्या माथ्यापासून उजवीकडे जाते, कोपऱ्यात वळून खाली उतरते आणि तळाशी आतल्या बाजूला बारीकसा हूक घेते. सातवी आणि आठवी आतमध्ये दोन छोट्या आडव्या रेघा. दाराची चौकट आणि तिच्यात दोन फळ्या, खालची बाजू उघडी.

नवशिक्यांच्या तीन चुका मला सारख्या दिसतात. चौथी रेघ आखूड राहते आणि चिन्ह वरून जड, खालून लंगडं दिसतं. खालच्या चौकटीला तळाशी रेघ मारून ती बंद केली जाते. आणि पाचवी रेघ डावीकडे वळवली जाते. ‘चंद्र’ या कांजीत ती तशी वळते, इथे सरळ उभी ठेवायची. देवनागरी लिहिणाऱ्या हाताला आणखी एक सवय असते, सगळ्याच्या डोक्यावर शेवटी एक शिरोरेघ ओढण्याची. इथे वरची आडवी रेघ सगळ्यांत आधी येते हे मनाशी पक्कं करा.

माझी मैत्रीण चिनी शिकते. ती आधी दोन आडव्या रेघा काढते, मग उभी. कोण बरोबर?

दोघी. चीनमध्ये शिकवला जाणारा क्रम आडवी, आडवी, उभी, आडवी असा आहे. जपानमध्ये आडवी, उभी, आडवी, आडवी. तुम्ही जपानी शिकताय तर जपानी क्रम धरा, कारण ‘राजा’, ‘जन्म’ अशा कांजींतही जपानी पद्धत अशीच चालते आणि हाताला एकच वळण लागतं.

अर्थाचं विचाराल तर चिनी माणसाला हे चिन्ह ओळखू येईल. तिथे त्याचा उच्चार ‘चिंग’. चिंगदाओ शहराच्या आणि चिंगहाई प्रांताच्या नावात तेच आहे. रोजच्या चिनी बोलण्यात मात्र निळ्याला आणि हिरव्याला आता वेगळे शब्द आहेत. व्हिएतनामी भाषेत अजूनही ‘सान्ह’ हा एकच शब्द दोन्हींना चालतो. गरज पडली तर ‘पानाचा’ की ‘आकाशाचा’ ते सोबत सांगतात.

खालचा भाग ‘चंद्र’ आहे ना? मी ‘चंद्रावर रोप’ असं लक्षात ठेवलंय.

आजचं रूप चंद्रासारखं दिसतं हे खरं, पण मुळात तो चंद्र नाही. वरचा भाग ‘जन्मणं, उगवणं’ या अर्थाच्या चिन्हातून आला आहे, म्हणजे जमिनीतून वर येणारा कोंब. खालच्या भागाबद्दल दोन मतं आहेत. इ.स. १००च्या सुमारास चीनमध्ये शू शेन यांनी केलेल्या ‘शुओवेन जिएझी’ या कोशात तो खनिज रंगाच्या खाणीचं चिन्ह मानला आहे आणि या रंगाला ‘पूर्व दिशेचा रंग’ म्हटलं आहे. दुसरं मत, तो विहिरीचं चिन्ह आहे.

मी वर्गात विहीर वापरते. डोळ्यांसमोर आणा : खाली विहिरीतलं निळं पाणी, काठावर फुटलेलं हिरवं रोप. आओचे दोन्ही रंग एका चित्रात येतात आणि चित्र वरून खाली तसंच्या तसं चिन्हात बसतं. ही आठवणीची युक्ती आहे, इतिहास म्हणून कोणाला सांगू नका. पण कोकणातला किंवा देशावरचा कोणीही विद्यार्थी ती विसरलेला मला आठवत नाही. काठावर पिंपळाचं रोप नसलेली विहीर कोणी पाहिली आहे?

वाचायचं ‘आओ’ की ‘सेइ’? दोन उच्चार कशाला हवेत?

आपल्याकडेही दोन आहेत, फक्त आपण ते वेगळे शब्द मानतो. तुम्ही ‘निळा शर्ट’ म्हणता, पण ‘नीलकंठ’ म्हणता. ‘निळाकंठ’ म्हणत नाही. ‘दूध’ पिता, पण खातं ‘दुग्धविकास’. घरचा शब्द एकटा उभा राहतो आणि संस्कृतातून आलेला शब्द जोडीनं येतो. जपानीत तसंच : ‘आओ’ हा घरचा, कुन्योमी, ‘सेइ’ हा चीनमधून आलेला, ओन्योमी. फरक एवढाच की जपानी माणूस ‘निळा’ आणि ‘नील’ दोन्ही एकाच चिन्हानं लिहितो.

म्हणून चिन्ह एकटं असेल किंवा मागे हिरागानातला ‘इ’ लटकत असेल तर आओ, आओइ. दुसऱ्या कांजीला चिकटलेलं असेल तर बऱ्याचदा सेइ : ‘सेइनेन’ म्हणजे तरुण, ‘सेइशुन’ म्हणजे तारुण्य, ‘सेइदोऽ’ म्हणजे ब्राँझ. ‘सेइशुन’मध्ये दुसरी कांजी वसंताची आहे; पूर्वेकडच्या जुन्या विचारात वसंत ऋतू, पूर्व दिशा आणि हा रंग एका माळेत ओवलेले आहेत, म्हणून तारुण्य म्हणजे ‘आओ वसंत’.

‘बऱ्याचदा’ म्हटलं, ‘नेहमी’ नाही म्हटलं. आकाश आणि आओ एकत्र आले की दोन्ही घरचेच उच्चार राहतात : ‘आओझोरा’. ‘सोरा’चा ‘झोरा’ झाला ते लक्षात घ्या. जोडशब्दात दुसऱ्या शब्दाचं पहिलं व्यंजन बऱ्याचदा असं मऊ होतं : ‘ताके’चा ‘आओदाके’ (हिरवा बांबू), ‘शिरु’चा ‘आओजिरु’ (पालेभाज्यांचा रस), ‘शाशिन’चा ‘आओजाशिन’ (इमारतीचा आराखडा, ब्लूप्रिंट). आणि ‘आओशिन्गोऽ’मध्ये पुढे घरचा, मागे चिनी असा सरमिसळ संसार आहे. आपली ‘रेल्वेगाडी’ आहे ना, तसा.

दोन्ही उच्चार एकाच वेळी डोक्यात बसवायचे असतील तर नकाशा उघडा. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला ‘आओमोरी’ प्रांत आहे, सफरचंदांसाठी प्रसिद्ध. नावाचा अर्थ हिरवं वन. समुद्रापलीकडे होक्काइदो बेटावर हाकोदाते शहर. या दोघांना जोडणारा समुद्राखालचा रेल्वे बोगदा १९८८ साली सुरू झाला, जवळपास ५४ किलोमीटर लांब. त्याचं नाव ‘सेइकान’. आओमोरीचा आओ आणि हाकोदातेचा हाको घेतले, पण जोडताना दोघांचे चिनी उच्चार केले : सेइ अधिक कान. चिन्हं तीच, आवाज बदलले.

‘सेइ’ आणि ‘आओ’ सोडून आणखी काही वाचन आहे का?

आहे, ‘शोऽ’. हा ‘सेइ’पेक्षा जुना चिनी उच्चार, थोड्या शब्दांत उरला आहे. ‘रोकुशोऽ’ म्हणजे तांब्यावर चढणारा हिरवट जंग, आपण कळकणं म्हणतो त्यातला. ‘गुन्जोऽ’ आणि ‘कोन्जोऽ’ हे गडद निळे रंग, तिथे तो ‘जोऽ’ होतो.

बौद्ध शब्दांतही हाच उच्चार येतो, आणि इथे मला फार आनंद होतो. संस्कृतातलं ‘नीलोत्पल’, म्हणजे निळं कमळ, चिनी भाषांतरातून जपानला गेलं ते ‘शोऽरेंगे’ होऊन. ‘नील’च्या जागी हेच आठ रेघांचं चिन्ह बसलं. क्योतोमध्ये शोऽरेन-इन नावाचं मंदिर आहे, त्याच्या नावात ते कमळ आहे.

दोन अपवाद मात्र पाठच करावे लागतील. एक ‘मास्साओ’, म्हणजे निळाशार किंवा, चेहऱ्याबद्दल बोलताना, पांढराफटक. दुसरा टोकियोतलं ‘ओऽमे’ शहर. हीच कांजी आणि तिच्यापुढे ‘उमे’ या फळाची. फळ असेल तर तीच दोन चिन्हं ‘आओउमे’ वाचतात, शहर असेल तर ओऽमे.

आओ, आओइ, आओइरो – तिन्हींत फरक काय?

‘आओ’ नाम, ‘आओइ’ विशेषण, ‘आओइरो’ म्हणजे ‘आओ रंग’. ‘आओइ सोरा’ निळं आकाश. ‘आओ गा सुकी’ मला निळा आवडतो. आओइरो जरा औपचारिक आणि तांत्रिक मजकुरात दिसतो. निळ्या एलईडीला जपानीत ‘आओइरो’नंच सुरुवात होते. त्या शोधासाठी २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना मिळालं. आणि निळा प्रकाश शोधणाऱ्या आकासाकींच्या आडनावात पहिली कांजी लाल रंगाची, ‘आका’ची आहे. पुण्यातल्या कंपन्यांत हिशेबाची जपानी कागदपत्रं हाताळणाऱ्यांना ‘आओइरो शिन्कोकु’ भेटेल. तो तिथला प्राप्तिकर विवरणाचा एक प्रकार आहे.

उच्चार करताना ‘आओ’चा ‘आ’ उंच आणि ‘ओ’ खाली. ‘आओइ’मध्ये मधला ‘ओ’ उंच. हिंदीतल्या ‘इधर आओ’सारखा ‘ओ’ ताणू नका, दोन्ही स्वर आखूड आणि सारख्या लांबीचे.

‘मास्साओ’सारखे आणखी शब्द आहेत का?

आहेत, आणि मराठी माणसाला ते सगळ्यांत सोपे जातात. इंग्रजीतून जपानी शिकणारे इथे ‘अगदी’, ‘खूप’ असं काही तरी चिकटवत बसतात. आपल्याकडे थेट जोड्या तयार आहेत. ‘माक्का’ – लालभडक. ‘माक्कुरो’ – काळाकुट्ट. ‘माश्शिरो’ – पांढराशुभ्र. ‘मास्साओ’ – निळाशार. घाबरून ‘मास्साओ’ झालेला चेहरा आपल्याकडे पांढराफटक पडतो, एवढा एकच सांधा बदलावा लागतो. जपानी माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरलं की तो आओ होतो. म्हणून कोणी तुम्हाला ‘काओ गा आओइ’ म्हणालं तर ते तब्येतीची काळजी करत आहेत असं समजा.

मुका मार लागल्यावर अंग आपल्याकडे काळंनिळं पडतं. तिथे ‘आओआझा’ उठतो. आणि माणूसच आओ असेल तर तो कच्चा, अननुभवी. ‘आओनिसाइ’ म्हणजे ओठ पिळले तर दूध निघेल असा पोरगा. ‘आओकुसाइ’ म्हणजे शब्दशः हिरवट वासाचा. विचार अजून पिकलेले नाहीत असा. हे शब्द ओळखा, पण कोणाला तोंडावर म्हणू नका.

हे चिन्ह मला दुसऱ्या कांजींच्या पोटात दिसतं. काही संबंध?

मोठा संबंध आहे, आणि या चिन्हावर मी एवढा जीव टाकते तो याचसाठी. याच्या डाव्या बाजूला एकेक भाग लावत जा. सूर्य लावला की ‘हारे’, स्वच्छ ऊन पडलेलं आभाळ. पाणी लावलं की ‘कियोइ’, निर्मळ. मन लावलं की ‘नासाके’, माया, भावना. तांदूळ लावला की सडून पांढरा केलेला दाणा, आणि त्यावरून सत्त्व, बारकावा. बोलणं लावलं की विनंती. मासा लावला की ‘साबा’, निळ्या पाठीचा बांगडा! धातू लावला की ‘साबी’, गंज. आणि उजवीकडे ‘भांडण’ ठेवलं की, काय गंमत, ‘शिझुका’, शांत.

यातल्या बहुतेकांचा चिनी उच्चार ‘सेइ’च आहे. म्हणजे आओ हा या कुटुंबात अर्थापेक्षा आवाज सांगायचं काम करतो. अनोळखी कांजीत उजवीकडे आओ दिसला तर आधी ‘सेइ’ म्हणून पाहा, बऱ्याच वेळा बरोबर निघेल. मनाची कांजी थोडी हट्टी आहे, ती सहसा ‘जोऽ’ वाचतात.

तांदळाच्या कांजीतून होणारा ‘शोऽजिन’ हा शब्द मला विशेष प्रिय आहे. देवळांतल्या शाकाहारी स्वयंपाकाला ‘शोऽजिन र्योऽरी’ म्हणतात हे पुष्कळांना ठाऊक असतं. हा ‘शोऽजिन’ म्हणजे बौद्ध पारमितांमधलं ‘वीर्य’, नेटानं केलेला प्रयत्न, त्याचंच भाषांतर.

‘आओइ’साठी वेगवेगळ्या कांजी दिसतात. मोबाईल तीन पर्याय देतो. कोणता निवडू?

पहिला, नेहमीचा, आठ रेघांचा. उरलेल्या दोघांपैकी एक फिकट, उदास आओसाठी (निस्तेज चेहरा, चंद्रप्रकाश) आणि दुसरा पाचूसारख्या हिरव्या-निळ्या पाण्यासाठी. ते कवितेत, कादंबरीत, मुलांच्या नावांत दिसतात. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या २,१३६ कांजींच्या ‘जोऽयोऽ’ यादीत ते नाहीत. ई-मेलमध्ये वापरलेत तर विनाकारण काव्यमय वाटेल.

ही कांजी परीक्षेला येते का? हातानं लिहायची गरज आहे का?

जपानी शाळेत ती पहिलीतल्या ८० कांजींमध्ये आहे, लाल आणि पांढऱ्यासोबत. काळा आणि पिवळा दुसरीत येतात, मिदोरी तिसरीत. जेएलपीटीचं (जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेचं) म्हणाल तर २०१०पासून एन-५ ते एन-१ अशी नवी रचना आली आणि तेव्हापासून कोणत्या पातळीला कोणत्या कांजी, याची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. बाजारातल्या याद्या अंदाजाच्या आहेत. ही कांजी सुरुवातीलाच शिका, वाद नको.

जेएलपीटीत हातानं लिहावं लागत नाही, सगळे पर्यायी प्रश्न असतात. तरीही मी पहिल्या दोनशे-तीनशे कांजी हातानं लिहून घेते. कारण हेच चिन्ह न लिहिता नुसतं बघून शिकलेले विद्यार्थी ‘दोष देणं’ ही कांजी समोर आली की फसतात. तिचा वरचा भाग हुबेहूब असाच आहे. खाली चौकटीऐवजी शिंपला आहे. ‘पाठ’ (शरीराची) या कांजीत उलट, खालचा भाग जवळजवळ असाच, वरचा वेगळा. हातानं विहीर आणि रोप काढलेलं असलं की डोळा चुकत नाही.

किती दिवसांत पक्की होईल? सराव कसा करू?

पहिल्या बैठकीला वीस मिनिटं पुरतात. दहा वेळा लिहा, शंभर वेळा नको. अकराव्यानंतर हात लिहितो आणि डोकं झोपतं. मग वही बंद करा. दुसऱ्या दिवशी न बघता एकदा काढा, तिसऱ्या दिवशी एकदा, मग आठवड्यानं. अँकी हे कार्डांवरून उजळणी करून घेणारं अ‍ॅप वापरत असाल तर कार्डावर एकटं चिन्ह टाकू नका. ‘आओइ सोरा’, ‘आओशिन्गोऽ’, ‘सेइनेन’, ‘मास्साओ’ अशी चार कार्डं करा, प्रत्येकात एक छोटं वाक्य.

आडनावंही चांगला सराव देतात. आओकी, आओयामा, आओयागी (हिरवी झाडं, हिरवे डोंगर, हिरवी वाळुंजं) अशी माणसं तुम्हाला ई-मेलच्या तळाशी भेटतील.

शिक्षकांना लिहून देण्यासारखी ‘आओ’ची एखादी म्हण आहे का?

आहे, ‘आओ वा आइ योरी इदेते आइ योरी आओशि’. आइ म्हणजे नीळ. नीळ ज्या झाडातून काढतात त्या झाडापेक्षा त्यातून निघालेला रंग जास्त गडद असतो. म्हण मूळची चीनमधल्या शुन्झी या विचारवंताची. अर्थ, शिष्य गुरूच्या पुढे गेला. आपल्याकडे ‘शिष्यादिच्छेत् पराजयम्’ म्हणतात, गुरूनं शिष्याकडून हरण्याची इच्छा धरावी. तेव्हा ही म्हण स्वतःबद्दल लिहून शिक्षकांना देऊ नका, ती शिक्षकांनी तुमच्याबद्दल म्हणायची असते.

आओनंतर कोणता रंग घेऊ?

आका. सात रेघा, तीही पहिलीतलीच. वरचा भाग आज ‘माती’सारखा दिसतो, पण मूळ चित्र ‘मोठा’ आणि खाली ‘आग’ असं आहे. मोठी आग, म्हणून लाल. मग शिरो, पाच रेघांत संपते. कुरो आणि पिवळ्याच्या अकरा-अकरा रेघा आहेत, त्या पुढच्या आठवड्यात. मिदोरीच्या चौदा, तिच्या डाव्या बाजूला ‘धागा’ आहे. ती काढायला घ्याल तेव्हा आधी शेजारी एकदा आओ काढून पाहा, रेघांचा क्रम अजून आठवतो का ते.